दुसरी खूण

स्पर्धेच्या दिवशी सकाळी टाचणी घराबाहेर पडली ती फक्त दोन वस्तूंसाठी. एक पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आणि कोटासाठी नवे सेल. दुकानदाराने पिशवीत घालून दिलं, तिने घेतलं आणि ती घरी आली. त्या दिवसाची सुरुवात इतकी साधी होती, की पुढे जे झालं ते कुणाला सांगायला बसली की ती आधी हे रीळ आणि सेलच सांगते.

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती कपडे शिवायची. शिवताना ओठांत टाचण्या धरून बोलायची, आणि बोललेलंही टोचायचं. म्हणून दादाने, तिच्या थोरल्या भावाने, हे नाव ठेवलं आणि ते तिला जन्माचं चिकटलं. दादा रेडिओ, पंखे, मिक्सर दुरुस्त करायचा. त्याच्या कानावर कायम एक लाल पेन्सिल असायची आणि अंगाला राळेचा वास. तार जोडताना जो धूर निघतो ना, तो वास. वहिनी म्हणायची, ह्यांना अंधारातही नाकाने शोधता येईल.

दर वर्षी शहरातल्या मोठ्या सभागृहात कॉस्प्लेची स्पर्धा भरायची. एखादं पात्र घ्यायचं, त्याचा पोशाख स्वतः घडवायचा, अंगावर चढवायचा आणि रंगमंचावर त्या पात्रासारखं चालून दाखवायचं. चाळिशीला आलेल्या बहीणभावाला हे खूळ कुठून लागलं, हे नातेवाइकांना कधीच कळलं नाही. ती शिवायची, तो त्यात दिवे आणि मोटारी बसवायचा. सहा वर्षं भाग घेतला, सहाही वर्षं हात हलवत परत आली. पण हौसेला मोल नसतं.

या वर्षीचं पात्र त्यांच्या लहानपणीचं होतं. वीज गेली की दादा तिला आंधळ्या दिवेकऱ्याची गोष्ट सांगायचा. हा दिवेकरी अंधाऱ्या शहरात दिवे लावत फिरतो. त्याला स्वतःला काही दिसत नाही. पण मागून कुणीतरी चालत असतं आणि वळण आलं की त्याच्या खांद्यावर बोट टेकवतं.

"मागे कोण असतं रे?" ती विचारायची.

"ते त्यालाही ठाऊक नसतं."

"मग वळून बघत का नाही?"

"अगं, आंधळा तो. वळून काय बघणार?"

एवढं बोलून दादा स्वतःच हसायचा, आणि ती पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायची.

तर त्या दिवेकऱ्याचा घोळदार काळा कोट तिने शिवला. दादाने त्यात एकशे ऐंशी बारीक दिवे बसवले. डोक्याला पत्र्याचा टोप. दोन्ही खांद्यांत एकेक चिमुकली मोटर, फोन थरथरतो तशी थरथरणारी. दादा पहिल्या रांगेत रिमोट घेऊन बसणार, डावा खांदा थरथरला की तिने डावीकडे वळायचं, उजवा थरथरला की उजवीकडे. दोन्ही एकदम, की थांबायचं. दोन्ही तीनदा, की झालं, मान लववायची. कारण टोपाला डोळ्यांची भोकंच नव्हती.

आणि त्यावरूनच वाजलं.

"दोन भोकं पाड ना. बारीकशी. कुणाला दिसणार आहेत?"

"आंधळ्याला डोळे लावले तर गोष्ट काय राहिली?"

"तुझ्या भरवशावर डोळे बांधून चालायला मी काय वेडी आहे?"

दादाने पुठ्ठा पुढे ओढला. त्याची एक रीत होती. प्रत्येक कामाचा एक पुठ्ठा असायचा, त्यावर एकेक भाग लिहिलेला. भाग चालू झाला की लाल पेन्सिलीने एक खूण. मग तो बंद करून, जरा थांबून, परत चालू झाला की दुसरी. तो म्हणायचा, "दिवा लागला म्हणजे काम झालं असं नाही. विझून परत लागला, की झालं." त्या दिवशी पुठ्ठ्यावर 'खांदे' यापुढे दोन खुणा होत्या. 'दिवे' यापुढे एक. 'टोप' यापुढे काहीच नव्हतं. त्याने कानावरची पेन्सिल हातात घेतली, तिच्याकडे पाहिलं आणि पेन्सिल परत कानावर ठेवली.

चार दिवसांनी दुपारी तो कामाच्या स्टुलावर बसल्या बसल्या गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. टाचणीला वाटत राहिलं, हृदय नव्हे, आपलं ते शेवटचं वाक्य.

आठ महिने कोट दादाच्या कामाच्या खोलीत खुंटीवर होता. मग एक दिवस तिने तो उतरवला आणि वहिनीला म्हणाली, "मी चालणार. भोकं न पाडता. रिमोट तुम्ही धरायचा."

वहिनीने नवरा गेल्यापासून त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. ती म्हणाली, "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही गं. पण धरीन."

स्पर्धेच्या सकाळी त्यांनी घरात एकदा चालून पाहिलं. पलंगाला न धडकता टाचणी स्वयंपाकघरापर्यंत पोचली, दोघी लहान मुलींसारख्या हसल्या. मग टाचणीने कोटाच्या आतल्या खिशात नवे सेल भरले, दादाचा पुठ्ठाही त्यातच सरकवला. सोबत असू दे, म्हणून. चालताना काही निसटू नये म्हणून तो खिसा तिने बारीक टाक्यांनी पक्का शिवून टाकला. तिच्या टाक्याला तिची अशी एक दुहेरी गाठ असते. ती दुसऱ्या कुणाला जमत नाही.

दुपारी चारला तिचा क्रमांक आला. सभागृहाला खिडक्या नव्हत्या. बाहेर लख्ख ऊन आणि आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. पडद्यामागे तिने टोप चढवला. आत तिचाच श्वास, पत्र्याचा गारवा, आणि... राळेचा वास. टोपाचं अस्तर तिने गेल्याच आठवड्यात नवंकोरं लावलं होतं. तरी वास होता, आत्ता शेजारी कुणी तार जोडावी तसा ताजा. असेल पत्र्याला धरलेला, असं तिने स्वतःला समजावलं आणि ती पुढे झाली.

तिने कोटाची कळ दाबली आणि दिवे लागले. ते तिला दिसले नाहीत, पण कोट बारीक गुणगुणू लागला आणि समोरून शेकडो माणसांनी एकदम श्वास घेतल्याचा आवाज आला.

उजवा खांदा थरथरला. ती वळली. पाच पावलं. डावा. ती वळली. वहिनी किती छान करतेय, असं तिच्या मनात आलं. सकाळी घाईघाईने बटणं दाबणारी वहिनी आता कशी अगदी वेळेवर, हलकेच बोट टेकवत होती. टाचणीचे पाय मोकळे झाले. खरंच दिवेकरी झाल्यासारखं वाटलं तिला.

आणि मग पायाजवळून, रंगमंचाच्या खालून दबका आवाज आला.

"टाचणी... अगं, थांब... रिमोट बंद आहे..."

वहिनी होती.

"सेलच नाहीत त्यात... सकाळी मीच काढून ठेवले... सवयीने..."

टाचणी जागच्या जागी उभी राहिली. त्या घरात काम झालं की सेल काढून ठेवायची शिस्त होती, नाहीतर ते पाझरतात. दादानेच ती लावलेली. सकाळची चाचणी झाली, वहिनीने सेल काढून ताटलीत ठेवले आणि रिकामा रिमोट पर्समध्ये टाकून आणला. म्हणजे रिमोट सकाळपासून मुका होता.

डावा खांदा थरथरला.

"उजवीकडे!" वहिनीचा आवाज रडवेला झाला. "पुढे खड्डा आहे गं... झडप उघडी राहिलीय... उजवीकडे वळ..."

खांदा पुन्हा थरथरला. डावाच. घाई नव्हती त्यात.

एकीकडे जिवंत माणसाचा आवाज, सख्ख्या वहिनीचा. दुसरीकडे... काय? हात वर करून टोप काढावा, एवढंच करायचं होतं. तिने हात उचललेही. तेव्हा तिला स्वतःचंच वाक्य ऐकू आलं, तुझ्या भरवशावर डोळे बांधून. हात तिने खाली घेतले.

"दादा," ती टोपात पुटपुटली, "बघ हं."

आणि ती डावीकडे वळली.

पाऊल फळीवर पडलं. मग दुसरं. उजव्या बाजूने, घोट्याजवळून, खालचा गार वारा वर आला आणि कोटाचं टोक पोकळीवर लोंबून परत आलं. वहिनी तिच्याकडे तोंड करून उभी होती, आणि घाबरलेल्या माणसाला आपलं उजवं तेच सगळ्या जगाचं उजवं वाटतं. ती म्हणाली त्या बाजूला वळली असती, तर टाचणी दोन माणसं खोल तळघरात गेली असती. पण हे तिला मागाहून कळलं. त्या क्षणी तिला कळलं ते एवढंच, की आपण सुखरूप आहोत, आणि आपण एकट्या नाही.

दोन्ही खांदे एकदम. ती थांबली. दोन्ही खांदे तीनदा. तिने मान लववली.

तेवढ्यात कोटाची गुणगुण थांबली.

दिवे गेले होते. समोरून अस्फुट "अरेरे..." आलं. टोपाच्या आत राळेचा वास इतका दाट झाला, की डोळ्यांना पाणी आलं. तिच्या मागे, अगदी जवळ, कुणीतरी वाट पाहत होतं. काम नीट झालं की नाही हे बघायला माणूस थांबतो, तसं. तिला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. लहानपणी गोष्ट संपताना छातीत जे भरून यायचं तेच भरून आलं, आणि ती तशीच वाकून उभी राहिली.

कोट परत गुणगुणू लागला. पायाच्या घोळापासून सुरू होऊन गुणगुण हळूहळू वर चढली, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, गळ्यापर्यंत. सभागृह उभं राहिलं. लोक सांगतात, काही क्षण टाळीच वाजली नाही, सगळे नुसते बघत राहिले. टाळ्या मागाहून आल्या आणि मग थांबता थांबेनात.

बक्षीस मिळालं ते दुसरं. पहिलं एका उडणाऱ्या घोड्याला गेलं, आणि घोडा खरंच चांगला होता.

पडद्यामागे वहिनी तिला गच्च धरून रडली. झडप उघडी ठेवणाऱ्या माणसाला तिने चांगलं फैलावर घेतलं. सभागृहाचा वायरमन भला होता, त्याने सगळं ऐकून घेतलं. "ताई, इथे आज वीस रिमोट चालू असतील," तो म्हणाला. "दुसऱ्याच कुणाचं बटण दाबलं जात असेल आणि थरथरत असेल तुमचा खांदा. होतं असं."

"होत असेल," टाचणी म्हणाली. तो बिचारा समजूतदार बोलत होता, वाद कशाला घालायचा?

घरी आल्यावर दोघी पहिल्यांदाच दादाच्या खोलीत एकत्र बसल्या. खिडकीतून संध्याकाळचं ऊन येत होतं. काम झालं होतं, तेव्हा शिस्तीप्रमाणे सेल काढायला हवे होते. टाचणीने कोट मांडीवर घेतला आणि आतला खिसा चाचपला. सकाळचे सगळे टाके जागेवर होते. तिची दुहेरी गाठही तशीच होती. तिने कात्रीने ती कापली, टाके उसवले, सेल काढून ताटलीत ठेवले. मग पुठ्ठा बाहेर काढला.

वहिनीने तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

'दिवे' यापुढे दोन खुणा होत्या.

टाचणीने अंगठा फिरवला. अंगठ्याला लाल रंग लागला.

"ती पेन्सिल..." वहिनी म्हणाली. "ती मी माझ्या हाताने ह्यांच्या खिशात ठेवली होती गं. नेताना."

टाचणीने मान हलवली. तिला ते आठवत होतं. पण तिची नजर आता खालच्या ओळीवर होती, जी आठ महिने कोरी होती. 'टोप' यापुढे एक खूण होती. ठसठशीत, जरा तिरपी, दादा करायचा तशी.

एकच होती. दुसरी अजून व्हायची होती.