अकरा फूट सरकवलेली वाट

मी आर्किटेक्ट आहे, टेपनं मोजलेल्यावर विश्वास ठेवते. म्हणून आधीच सांगून टाकते, चूक माझी होती.

कन्नडच्या पुढं, डोंगराला लागून शिवराजचं रान आहे. नोकरी वाळूजला, पण आई गोजरबाईसाठी घर त्याला रानातच हवं होतं. अट एकच, तिथल्या कुणाला त्रास नको. असं गिऱ्हाईक आमच्या शहरात शोधून सापडत नाही. मी एकही झाड तोडू दिलं नाही. काळ्या दगडाच्या भिंती, छपरावर गवत, कुंपण नाही, बाहेरचे दिवे गुडघ्याच्या खाली. घराचे दोन भाग केले आणि मधून दहा फुटांची वाट मोकळी सोडली, रोह्यांसाठी. नीलगायींना आमच्याकडं रोही म्हणतात.

चुन्यानं आखणी करताना जब्बार मिस्त्री थांबला. "मॅडम, रास्ता तो इधर से है. जनावर नक्शा पढते क्या?"

बरोबर होतं त्याचं. खुरांनी घासलेली खरी वाट अकरा फूट पूर्वेला होती. पण सकाळचं ऊन तिथंच, आणि गोजरबाईंची खोली मला उन्हात हवी होती. मी नकाशावर वाट सरकवली, जब्बारला गप्प केलं, शिवराजला कळूच दिलं नाही. पुढं एका मासिकात घराचे फोटो आले. मीही चारचौघांत भाव खाऊन घेतला.

उन्हाळ्यात शिवराजचा फोन आला. "मॅडम, आईचं जेवण तुटलंय. दुपारभर खोलीतून हलत नाय. विचारलं तर नुसती हसते."

मी गेले. खोली गार होती, तापल्या गवताचा आणि जनावराच्या अंगाचा वास भरलेला. खाट पार कोपऱ्यात सरकवलेली. गोजरबाई पाय पोटाशी घेऊन पडल्या होत्या.

"आजी, एवढं अंग चोरून का निजता?"

"त्यास्नी जायला जागा नको व्हय? चारला येत्यात. लई गरीब जनावरं, धक्का लागू देत नाय."

"येतात कुठून?"

त्यांनी उत्तरेच्या भिंतीकडं बोट केलं. दीड फूट जाड दगड, ना दार ना खिडकी.

मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. हात हातात घेतला. डोळ्यांवर झापड आली, आणि चारच्या सुमाराला पायांना ऊब लागली. काहीतरी भलं मोठं, केसाळ, हळूच घासून गेलं. मग दुसरं. फरशी किंचित हलत होती. भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू, उलट उठूच नये वाटलं. सवयीनं मोजत राहिले. नऊ झाल्यावर थोडी जागा रिकामी गेली, मग दहावं.

"माझी जागा हाय ती," गोजरबाई पुटपुटल्या. त्यांचा हात माझ्या हातातून सुटत होता. मी तो घट्ट धरला. तेव्हा मात्र घाबरले.

बाहेर येऊन शिवराजला सगळं सांगितलं, वाट सरकवल्याचंही.

"म्हणजे तुम्ही माझ्या आईला त्यांच्या वाटेत निजवलं."

मी जब्बारला फोन लावला.

आठ दिवसांत जब्बारनं खोलीच्या उत्तर-दक्षिण दोन्ही भिंती पाडल्या. गोजरबाईंची खाट घराच्या दुसऱ्या भागात गेली. त्या दोन वेळा जेवू लागल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

भिंती पडल्या त्याच संध्याकाळी, रोही बघायला म्हणून शिवराजनं मोकळ्या झालेल्या वाटेवर कॅमेरा बसवला होता. महिन्याभरानं, एका रविवारी सकाळी, आम्ही ओट्यावर बसून तो बघितला. गोजरबाई आमच्या शेजारीच शेंगा फोडत होत्या.

पडद्यावर दुपारचे चार. रिकामी वाट. एकही रोही नाही, फक्त जमिनीलगत धूळ सरकतेय.

मग गोजरबाई आल्या. अनवाणी. कडेला उभ्या राहिल्या, कुणाला तरी पुढं जाऊ देत.

मग मधल्या रिकाम्या जागेत शिरल्या आणि डोंगराकडं चालत गेल्या.

तारीख भिंती पाडल्याच्या दुसऱ्या दिवसाची होती.

शिवराजनं पुढचे दिवस पाहिले. सगळे. परत येताना त्या कुठंच नव्हत्या. एवढं मोकळं रान, आल्या असतील दुसरीकडून, मी स्वतःला समजावलं.

"आई," तो हळू म्हणाला, "तू परत कवा आलीस?"

शेंगा फोडणारा हात थांबला. त्यांनी घराकडं बघितलं, मग शिवराजकडं, परक्याकडं बघावं तसं.

"मी आले व्हय?"