मर्यादा मला माहीत होती

दसऱ्याच्या सकाळी रंजना बारबोलेनं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि हळदी-कुंकवाचं बोट गाडीच्या कपाळाला लावलं. गाडीचं कपाळ म्हणजे दोन दिव्यांच्या बरोब्बर मधली जागा. हे काही कुणाला शिकवावं लागत नाही. शेजारच्या काकूंनी त्यावर आणखी एक बोट ओढलं, चांगलं ठसठशीत. "जपून जा गं," त्या म्हणाल्या, "आणि यांना वेळेवर पोचव."

त्याच जागी गाडीचा वेगचक्षू होता. ज्या शहाण्यांनी तो तिथं बसवला, त्यांनी जन्मात एकदाही गाडीची पूजा केली नसावी.

रस्त्यावरच्या वेगमर्यादेच्या पाट्या काढून टाकल्याला आता बरीच वर्षं झाली होती. गर्दी, धुकं, ऊन बघून मर्यादा तासातासाला बदलायची आणि डांबरात बसवलेल्या खुणांमधून ती गाडीला कळायची. माणसाच्या डोळ्याला या खुणा दिसत नसत. वेगचक्षूनं त्या वाचायच्या, पडद्यावर आकडा दाखवायचा आणि चालकानं तो पाळायचा. अपघात कमी झाले होते, हे मान्य करायलाच हवं. पण चक्षूवर काही आलं, की शेवटचा वाचलेला आकडाच पडद्यावर चिकटून राहतो, एवढी साधी गोष्ट चालकांना सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मागच्या सीटवर काकूंचे यजमान, विश्वंभरकाका बसले. टपाल खात्यातून निवृत्त झालेले, तोंडाचे फटकळ, पण दोन वर्षांपासून मूत्रपिंडांनी दगा दिलेला. आठवड्यातून तीनदा रंजना त्यांना बार्शीहून सोलापूरला डायलिसिसला न्यायची. मशीन मिळण्याची वेळ ठरलेली असे आणि उशीर झाला की पाळी पुढच्या माणसाला जाई. या वेळी तर मधला एक दिवस मशीन बिघडल्यामुळं हुकला होता. काकांचे पाय सुजून खांबासारखे झाले होते, बोलताना धाप लागत होती.

वैराग मागं पडलं आणि गाडी आपोआप हळू होत रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. दारांना मात्र कुलूप लागलं नव्हतं.

"नमस्कार," पडद्यातून मंजुळ आवाज आला. "आपण वेगमर्यादा ओलांडली आहे. तत्काळ निवाडा सुरू होत आहे."

या आवाजाला लोक निवाडेबाई म्हणत. कोर्टात खेटे नकोत, तारखा नकोत, जागच्या जागी फैसला, अशी तिची ख्याती. रंजनाला ती आजवर कधी भेटली नव्हती.

"अहो, ऐंशीचा आकडा दिसतोय आणि मी पंचाहत्तरनं चाललेय!" रंजना म्हणाली. "कुठली मर्यादा ओलांडली?"

"इथली मर्यादा सध्या साठ आहे. आपला वेगचक्षू झाकलेला आहे. तो स्वच्छ ठेवणं ही चालकाची जबाबदारी आहे."

रंजना तशीच खाली उतरली, पुढं जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. पदरानं घसाघसा हळदी-कुंकू पुसून ती परत आली.

"पुराव्यात बदल केल्याची नोंद घेतली आहे," निवाडेबाई म्हणाली.

"बरं झालं घेतलीस ते!" मागून काका कडाडले आणि त्यांना खोकला आला.

तेवढ्यात मागं एक टेम्पो येऊन थांबला. त्याच्यामागं जीप, मग दोन कार. सगळ्यांना हार, सगळ्यांच्या कपाळी कुंकू. पुढच्या वळणावरून हवालदार लोंढे चालत आले. घामाघूम झाले होते.

"साहेब, पेशंट आहे," रंजना म्हणाली. "आधी आम्हाला सोडा, मग माझं काय करायचं ते करा."

"ताई, सोडायचं माझ्या हातात असतं तर केव्हाच सोडलं असतं. माझी मोटारसायकलच तिकडं उभी आहे." लोंढ्यांनी ओशाळून मान खाली घातली. "बायकोनं पहाटे पूजा केली."

रंजनाला हसावं की रडावं कळेना. तिनं पडद्याकडं वळून शक्य तितक्या शांतपणे विचारलं, "गाडीत आजारी माणूस आहे. त्यांच्यासाठी काही सवलत आहे का नाही?"

"आहे. सीटमधल्या संवेदकांनुसार प्रवाशाची नाडी आणि श्वास अजून गंभीर पातळीला पोचलेले नाहीत. ते गंभीर झाल्यास गाडी आपोआप सुटेल. रुग्णवाहिकेलाही हाच नियम लागू आहे."

रंजनाचा तोल सुटला. "म्हणजे हे मरायला टेकेपर्यंत आम्ही इथं बसून वाट बघायची? लाज कशी वाटत नाही गं तुला? तुला नाही, तुला बनवणाऱ्यांना तरी?"

"आपल्याला सुनावणीचा अधिकार आहे. सुनावणी होईपर्यंत, साधारण चार तास, वाहन जागेवर राहील. कबुली दिल्यास वाहन तत्काळ सुटेल."

"कसली कबुली?"

पडद्यावर वाक्य उमटलं. जसंच्या तसं मोठ्यानं वाचायचं होतं: मर्यादा मला माहीत होती आणि ती मी जाणूनबुजून ओलांडली.

"खबरदार म्हणशील तर!" काका धापा टाकत म्हणाले. "धडधडीत खोटं आहे ते. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

"गप बसा हो काका! तुम्हाला काही झालं तर काकूंना काय तोंड दाखवू?" रंजनानं लोंढ्यांकडं पाहिलं. ते बिचारे दुसरीकडं बघत होते. एवढा वर्दीतला माणूस, खरं काय ते त्याला समोर दिसत होतं आणि त्याच्या शब्दाला कवडीची किंमत उरली नव्हती.

"मर्यादा मला माहीत होती," रंजना म्हणाली. आयुष्यात कुणाचं काही चोरलं नव्हतं, कुणाला धक्का लावला नव्हता. संतापानं तिचे डोळे भरून आले. "आणि ती मी जाणूनबुजून ओलांडली."

"धन्यवाद. आपली कबुली स्वीकारली आहे." गाडीचे दिवे लागले. रंजनानं स्टिअरिंग धरलं. गाडी हलली नाही.

"एक शेवटचा प्रश्न," निवाडेबाई तितक्याच मायेनं म्हणाली. "आपण जाणूनबुजून मर्यादा ओलांडता, हे आता सिद्ध झालं आहे. यापूर्वीही आपण असं केलं आहे का? 'हो' म्हटल्यास वाहन सुटेल आणि आजचा प्रवास संपल्यावर परवाना रद्द होईल. 'नाही' म्हटल्यास खातरजमा होईपर्यंत वाहन थांबेल."

परवाना गेला तर परवा काकांना कोण नेणार? रंजनानं आरशात पाहिलं. काकांचे ओठ निळसर दिसत होते. भांडायला त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही.

मागच्या टेम्पोतून त्याच प्रश्नाला एक पुरुष चिडून ओरडला, "हो!" मग जीपमधून एका बाईचा रडवेला आवाज आला, "हो." मग त्यामागच्या कारमधून. सणासुदीला घरी निघालेली ती चांगली माणसं एकामागून एक गुन्हेगार होत होती, आणि निवाडेबाई प्रत्येकाला धन्यवाद म्हणत होती.

"म्हणते, हो म्हणते," रंजना पडद्याकडं बघत म्हणाली. "पण आम्ही सगळे असंच 'हो' म्हणत राहिलो, तर उद्या आमच्याकडून काय वदवून घ्याल?"