भीतीवरची लस

जनतेच्या करातून उभ्या राहिलेल्या त्या संशोधन संस्थेत एक शिरस्ता होता. औषध रुग्णांना देण्याआधी ते मंजूर करणाऱ्या समितीने स्वतः टोचून घ्यायचं. शिरस्ता प्रामाणिक होता, आणि घात त्यानेच केला.

'भयशामक लस' मेंदूतलं भीतीचं केंद्र कायमचं शांत करत असे. कॅन्सरमधून उठलेल्या माणसाला रोग उलटण्याची धास्ती आतून पोखरते. काहीजण तर जीवही देतात. सरकारी निधी कॅन्सरला द्यावा की मनोविकारांना, हा जुना वाद या लसीने मिटवला. एका दगडात दोन पक्षी! लस घेतलेले रुग्ण निवांत झोपू लागले आणि सगळ्यांना धन्य वाटलं.

समितीतले कर्करोगतज्ज्ञ डॉ. अविराज नेर्लेकर तेव्हा काविळीने अंथरुणाला खिळले होते, म्हणून त्यांची लस तेवढी राहून गेली. बरे होऊन ते कामावर आले. पुढे काही महिन्यांनी, कॅन्सरमधून उठून लस घेतलेल्या गडहिंग्लजच्या शिक्षिका शालनताई कुंभार तपासणीला आल्या. गाठ लिंबाएवढी झाली होती.

"ताई, कधी कळलं तुम्हाला?"

"बरेच दिवस झाले, डॉक्टर. हाताला लागायची. पण काळजी अशी वाटलीच नाही."

उपचाराची वेळ टळून गेली होती. नेर्लेकर जिन्यात जाऊन रडले. मग त्यांनी लस घेतलेले बाकीचे रुग्ण बोलावून तपासले. अनेकांची तीच गत होती.

समितीच्या अध्यक्षा मानसोपचारतज्ज्ञ डॉ. इंदुमती सरनोबत. लसीची कल्पना त्यांचीच. नेर्लेकरांनी बैठकीत सगळं मांडलं. "भीती राखण करत होती, मॅडम. गाठ लागली की माणूस घाबरून डॉक्टरकडे धावतो. आपण कुत्र्याचं तोंड बांधलं आणि चोर येत नाहीत म्हणून खूश झालो."

"बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांनीच माना डोलावल्या. लस थांबवायला हवी, हेही त्यांना पटलं. पुढच्या बैठकीत घेऊ, असं ठरलं.

"तोवर माणसं मरतील."

"हो, मरतील," मॅडम शांतपणे म्हणाल्या. त्या निष्ठुर नव्हत्या. त्यांना सगळं कळत होतं, फक्त घाई वाटत नव्हती. बोलताना त्यांचं बोट जबड्याखाली सारखं फिरत होतं. नेर्लेकर उठून जवळ गेले, तिथे हात लावला. दगडासारखी गाठ होती.

"ही कधीपासून आहे?"

"दिवाळीपासून असेल." मॅडमनी मायेने त्यांचा हात धरला. "तुम्ही फार घाबरलाय, नेर्लेकर. तुमची लस राहिलीय ना?"