पुढच्या स्क्रूचा एक फेरा

गोळी कागदाच्या लक्ष्याला लागलीच नाही. ती वरच्या लाकडी तुळईत घुसली आणि नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नजवळच्या त्या नेमबाजी क्लबात सगळं एकदम थांबलं.

“फायर बंद!” वल्लरी ओरडली. रविवारच्या निवडचाचणीला रेंजची सुरक्षा तिच्याकडे होती. क्लबातल्या बंदुकांची देखभालही गेली नऊ वर्षं तीच करत होती.

चौथ्या लेनवर धम्मपाल रायफल खाली ठेवून, दोन्ही हात वर करून उभा होता. पन्नास मीटरवरच्या कागदावर त्याच्या आधीच्या गोळ्या वाटेल तिथे विखुरल्या होत्या. आठच दिवसांपूर्वी त्याने या रायफलीला खांद्याला टेकायचा नवा आखूड दस्ता बसवला होता. त्या शनिवारी घेतलेल्या चाचणीत दहाच्या दहा गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या होत्या. तो कागद वल्लरीने स्वतः सही करून फाइलला लावला होता.

अध्यक्ष रूलॉफ तुळईतलं भोक बघून आले. उंच, गोरे, आणि आपण कधीच चुकत नाही अशा थाटाचे गृहस्थ.

“अमेरिकन खेळणी जोडली की असंच होतं,” ते म्हणाले. “चार वाजता कमिटी बसेल. सदस्यत्व निलंबित. उद्या पोलिसांना पत्र.”

सदस्यत्व गेलं की परवाना जाणार आणि परवान्यामागोमाग रायफल. आणि धोकादायक माणूस म्हणून पोलिसांच्या फाइलीत नाव राहणार ते वेगळंच. धम्मपाल डेल्फ्टला संशोधन करत होता. परदेशी माणसाच्या नावावर असा शेरा कसा चिकटून बसतो हे तिथे बसलेल्या कोणालाही सांगायला नको होतं.

“चारपर्यंत रायफल माझ्या ताब्यात राहील,” वल्लरी म्हणाली. रूलॉफनी खांदे उडवले.

वर्कशॉपमध्ये तिने दार लावून घेतलं.

“दस्ता का बदललास?”

“वल्लरीताई, माझी उंची पाच फूट तीन इंच. इथले दस्ते सहा फुटी माणसांच्या मापाचे. मान ताणून ताणून दुखायची. आखूड दस्ता खांद्याला नीट बसला, तेव्हा कुठे नेम लागायला लागला.”

“बसवताना कोण कोण होतं?”

“तुमच्यासमोर याच टेबलावर बसवला. आशुतोष दिवा धरून होता. रूलॉफ डोकावले, नाक मुरडून निघून गेले. मग तुम्ही लेन लावायला गेलात. त्यानंतर मी दोन्ही स्क्रूंवर बायकोच्या काळ्या नेलपॉलिशने रेघ ओढली. अर्धी स्क्रूवर, अर्धी दस्त्यावर. स्क्रू हलला तर रेघ तुटते.”

वल्लरीने रायफल उलटी केली. बारीक काळी रेघ. दोन्ही स्क्रूंवर अगदी सरळ जुळलेली.

“म्हणजे स्क्रू हललेच नाहीत,” धम्मपाल म्हणाला. त्याचा आवाज पडला. “आज काहीतरी डुगडुगतंय असं वाटत होतं. मला वाटलं माझेच हात कापतायत. चूक माझीच असणार.”

“आठवडाभर रायफल कुठे होती?”

“घरी, तिजोरीत. किल्ली माझ्या गळ्यात.”

“आणि आज सकाळी?”

“नऊला आलो, गोळी भरायचा बोल्ट काढून रायफल रॅकवर ठेवली. मग सगळे कॉफीला. वीसेक मिनिटं.”

“दस्त्याचं खोकं आणलंयस?”

खोकं गाडीत होतं. त्यात माहितीपत्रक, स्क्रू फिरवायची एक षटकोनी ॲलन-की आणि सामानाची यादी. दस्ता अमेरिकेतला, म्हणून स्क्रू इंचाच्या मापाचे. क्लबातली सगळी हत्यारं मिलिमीटरची. ती या स्क्रूत एकतर शिरत नव्हती, नाहीतर गरगर फिरत होती. यादीत लिहिलं होतं: स्क्रू दोन, ॲलन-की दोन.

“दुसरी की?”

“एकच होती. पार्सल आशुतोषच्या घरी आलं होतं, मी ऑफिसात असतो म्हणून. त्याने खोकं उघडून पाहिलं होतं, पण दुसऱ्या कीबद्दल काही बोलला नाही.”

वल्लरीने स्क्रूला हात लावण्याआधी कापसाची काडी पुढच्या स्क्रूच्या खाचेत फिरवली. काडीला पिवळी भुकटी आली, तीत एखाददुसरा लाल कण. मागच्या स्क्रूची काडी कोरीच निघाली.

तेवढ्यात रूलॉफ आत आले. “पितळेचा भुगा,” काडी पाहून ते म्हणाले. “काडतुसांचा. सगळीकडे असतो.”

वल्लरीने काडी बेसिनवर नेली आणि हात धुवायच्या साबणाचा थेंब तिच्यावर सोडला. मग ती काडी तिने कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

शेवटी तिने धम्मपालची ॲलन-की पुढच्या स्क्रूला लावून उजवीकडे फिरवली. स्क्रू सैल होता. बरोबर एक अख्खा फेरा फिरला आणि घट्ट झाला. रेघ पुन्हा जिथल्या तिथे. मागचा स्क्रू जागचा हलला नाही.

“बुधवारी तुमच्याकडे खंडेनवमी झाली ना?” धम्मपालने उगाच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं. “ग्रुपवर फोटो पाहिला. लॅपटॉप, सायकल, आशुतोषची हत्यारांची बॅग. सगळ्यांना हळदकुंकू.”

“तुला बोलावलं नव्हतं.”

“बोलावलं असतं तरी आलो नसतो. आम्ही पूजा करत नाही. पण बोलावलं नाही, हेही खरं.”

पाहुण्यांची यादी वल्लरीनेच केली होती. “तो येणार नाहीच, कशाला अवघडायचं,” असं आशुतोष म्हणाला होता आणि तिने ते सोयीस्कर मानून घेतलं होतं. आता तिला स्वतःची लाज वाटली.

चार वाजता कमिटी बसली. कमिटी म्हणजे रूलॉफ आणि सचिव आशुतोष. पुण्याचा, आयटीतला, गेली तीन वर्षं क्लबच्या संघात. धम्मपालला क्लबात आणणाराही तोच. निलंबनाचं पत्र त्याने टाइप करून तयार ठेवलं होतं.

“मला वाईट वाटतंय रे,” तो धम्मपालला म्हणाला. “पण सुरक्षेपुढे मैत्री नाही.”

“पत्र थांबव,” वल्लरी म्हणाली. “कॉफीच्या वेळी तू कुठे होतास?”

“बाहेर. कानावरचे मफ गाडीत राहिले होते.”

“रूलॉफ?”

“नोंदणीच्या टेबलावर. पंधरा माणसांनी माझ्यासमोर सह्या केल्या.”

“ठीक. मग ऐका. पुढचा स्क्रू सैल केला गेला. धक्क्यांनी सुटलेला स्क्रू कुठेही थांबतो. हा बरोबर एक फेरा सैल होता, म्हणून रेघ जुळलेलीच दिसत होती. हे हातानेच होतं, आणि तेही रेघ माहीत असलेल्या माणसाच्या. रूलॉफ रेघ ओढण्याआधी निघून गेले होते. मीही गेले होते. दिवा धरून तू होतास.”

“धम्मपालही होता,” आशुतोष हसला. “नेम चुकला की खापर फोडायला कोणीतरी लागतंच.”

“त्याने केलं असतं तर स्क्रूच्या खाचेत हळद आली नसती.”

“हळद?” रूलॉफ म्हणाले. “तो पितळेचा भुगा होता.”

“पितळेला साबण लावला तर ते पिवळंच राहतं. हळद लाल होते, आणि काडीवरची भुकटी लाल झाली. आमच्याकडे कपड्यांवर हळद सांडली की हे प्रत्येक घरात दिसतं. दस्ता बसला शनिवारी. हत्यारांना हळदकुंकू लागलं बुधवारी, माझ्या घरी. बुधवारपासून आज सकाळपर्यंत रायफल तिजोरीत होती. आणि धम्मपालच्या घरी हत्यारांची पूजा होत नाही.”

“तुझ्या हत्यारांनाही हळद लागली होती, वल्लरी.”

“लागली होती. पण इंचाची की माझ्याकडे नाही, क्लबातही नाही. खोक्यात दोन होत्या, धम्मपालला एक मिळाली.” तिने फोन टेबलावर ठेवला. “पूजेचा फोटो मी काढलाय. पाटावर तुझी बॅग उघडी आहे. मोठा करून बघ. वरच्या कप्प्यात ती काळी की, टोकाला हळदीचं बोट. तू स्वतः लावलीस, अगदी भक्तिभावाने. आता बॅग उघड.”

आशुतोषने बॅग उघडली नाही. तेवढं पुरेसं होतं.

“का?” धम्मपालने मराठीत विचारलं. एवढा एकच शब्द.

आशुतोषचा चेहरा आंबट झाला. “संघात एकच जागा होती. माझी होती. तुला इथे मी आणलं, मी शिफारस केली, आणि आखूड दस्ता लावून तू माझ्याच पुढे? तिकडे कॉलेजात तुम्हाला जागा, नोकरीत तुम्हाला जागा. म्हटलं निदान इथे तरी...”

तो थांबला. आपण काय बोलून गेलो हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

“इथे भोकं मोजतात, आशुतोष,” धम्मपाल म्हणाला. “त्या शनिवारी माझी दहाही एका नाण्याखाली होती. तुला ते बघवलं नाही. ती गोळी तुळईऐवजी कोणाला लागली असती तर?”

रूलॉफना मराठी कळलं नव्हतं. वल्लरीने शब्दन्‌शब्द सांगितला, एकही गाळला नाही. ते खाकरले. “हे तुम्हा भारतीयांमधलं काहीतरी दिसतंय. आपसात मिटवता येईल का?”

“नाही,” धम्मपाल म्हणाला. “मला तक्रारीचा फॉर्म द्या.”

“वल्लरी, जरा समजाव त्याला,” आशुतोषचा आवाज आता चिरकला. “पोलिसांत गेलं तर माझा व्हिसा, नोकरी... मीनलला काय सांगू? मीनल तुझी मैत्रीण आहे गं.”

आशुतोषची बायको मीनल फक्त मैत्रीण नव्हती. या परक्या गावात वल्लरीची दोन्ही बाळंतपणं तिने काढली होती. धम्मपालने मोठं मन करून सोडून द्यावं, असं क्षणभर वल्लरीला मनापासून वाटलं. मोठं मन नेहमी त्याच्याकडूनच का मागायचं, हे पाठोपाठ ध्यानात आलं आणि तिला स्वतःचीच चीड आली.

धम्मपालने सावकाश, सुवाच्य अक्षरात फॉर्म भरला. मग तो तिच्यासमोर सरकवला.

“साक्षीदार म्हणून सही लागेल, ताई. नाही केलीत तरी मी काही म्हणणार नाही.”

त्याने हे इतक्या सहज म्हटलं की नकाराची त्याला सवय असावी असं वाटलं. वल्लरीने पेन घेतलं आणि सही केली. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

संध्याकाळी घरी जाताना मीनलचा फोन येत राहिला. वल्लरीने तो उचलला नाही.