तीस दिवसांचा मेळ

ती त्या दारातून आत शिरली ती चुकून. इस्पितळाच्या तळघरात जिना शोधत होती बिचारी, आणि पोहोचली थंडगार यंत्रखोलीत.

"दार लावा," कोपऱ्यातून आवाज आला. "यंत्राला उष्मा सोसत नाही."

"आणि माणसांना थंडी सोसते वाटतं?"

त्यानं मान वर केली… आणि बघतच राहिला. मग खुर्चीच्या पाठीवरचा तपकिरी, कोपरांवर विरलेला स्वेटर काढून त्यानं तिच्यापुढे धरला. तिनं तो घेतला. खरं तर सगळं तिथंच ठरून गेलं होतं. पण अशा गोष्टी माणसाला वेळेवर कुठं कळतात!

त्याला सगळे 'आजोबा' म्हणायचे. वय वर्षं छत्तीस. कारण एवढंच, की अख्ख्या इमारतीत कोबॉल ही जुनी संगणकभाषा येणारा तो एकटाच उरला होता. वडील याच जुन्या संगणक-यंत्रावर काम करायचे, त्यांनीच शिकवलेली भाषा. आणि ती? शाळेत बेसिक, कॉलेजात सी, पहिल्या नोकरीत जावा. मग पीएचपी, जावास्क्रिप्ट, गो, आणि आता पायथन. नवी शिकायची, जुनी विसरायची. भाड्याची घरं बदलावीत तसं चाललेलं.

"सात?" त्यानं विचारलं. "आणि एकीवरही जीव नाही जडला?"

"जडायच्या आत कंपनी बदलायची. तुमचं बरं आहे, एकीशीच संसार."

"तीही वडिलांनी ठरवून दिलेली," तो म्हणाला, आणि ती इतकी हसली की स्वेटरच्या बाहीत तोंड लपवावं लागलं.

पण इस्पितळात ती आली होती त्याच्या पोटावर पाय द्यायला. कोणत्या रोग्याचं डायलिसिस कोणत्या दिवशी, याची यादी त्याचा जुना प्रोग्राम रोज सकाळी छापायचा. तेच काम करणारा नवा प्रोग्राम तिला पायथनमध्ये लिहायचा होता. नियम असा, की दोन्ही प्रोग्राम बरोबरीनं चालवायचे आणि रोज दोन्ही याद्या ताडून पाहायच्या. सलग तीस दिवस एका नावाचाही फरक पडला नाही, की जुनं यंत्र बंद. फरक पडला, की पुन्हा पहिल्यापासून मोजायचं. यंत्राबरोबर आजोबांची नोकरीही संपणार होती. तसा कागदच निघाला होता, आणि दोघांनीही तो वाचला होता.

तो नावं वाचायचा, ती खुणा करायची. टेबल लहान, कोपराला कोपर लागायचं… आणि दोघांपैकी कुणीच काढून घ्यायचं नाही. दाराबाहेरच्या बाकावर शिंपीकाका बसलेले असायचे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायचे, तेही तासभर आधी.

"पोरी, हा मूग गिळून बसणाऱ्यांपैकी," ते तिला म्हणायचे. "तूच बोल."

"काय बोलू, काका?"

"आता तेही मीच सांगू?"

तिचे कान लाल व्हायचे. आणि ती यादीत डोकं खुपसायची.

चौदाव्या दिवशी फरक पडला. दर दोन आठवड्यांनी डायलिसिसची यंत्रं धुवायला काढत, आणि त्या दिवशीचे रोगी दुसऱ्या दिवशी घ्यावे लागत. नवा प्रोग्राम त्यातला एक रोगी विसरला होता. चूक तिला तासाभरात सापडली. एका ओळीचं काम होतं. बोटं कळफलकावर टेकलीसुद्धा…

"सापडलं का?" त्यानं विचारलं.

"नाही… अजून नाही."

कुणाचं काय बिघडणार होतं? रोग्यांना बोलवायचं ते जुन्या यादीवरून. नवी नुसती ताडून पाहायला. असं तिनं स्वतःला समजावलं, आणि माणूस स्वतःला काय वाट्टेल ते समजावू शकतो. चौदा दिवस झाले की मोजणी पुन्हा एकवर. त्यालाही कधी घाई दिसली नाही. संध्याकाळी पाऊस असला की बसथांब्यापर्यंत एकाच छत्रीतून जायचं, आणि उद्या पुन्हा याद्या. ते दोन महिने तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. हे सांगताना जीभ चावावीशी वाटते, पण होते.

मग एका मंगळवारी सकाळी जुनं यंत्र अडकलं. दुपारपर्यंत यादी निघाली नाही. नवी यादी टेबलावर पडलेली, नावानिशी अचूक. पण तिला मान्यता नव्हती. यादीशिवाय खाट देता येत नाही, म्हणून खिडकीवरच्या कारकुनानं सगळ्यांना सांगितलं, "उद्या या." शिंपीकाका घरी गेले. ते उद्यापर्यंत टिकले नाहीत.

तिनं ती ओळ वेळेवर लिहिली असती, तर नवी यादी दोन आठवड्यांपूर्वीच लागू झाली असती.

रिकाम्या बाकावर बसून तिनं त्याला सगळं सांगितलं. मग त्यानं पिशवीतून एक वही काढली. त्याच्या ठसठशीत अक्षरात पानंच्या पानं पायथन.

"तू काय लिहितेस ते कळावं, म्हणून शिकत होतो," तो म्हणाला. तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. "ती ओळ नाही, हे मला महिन्याभरापूर्वीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"ते राहू दे. उद्या चौकशी आहे. सांगेन, चूक माझी. मी तसाही जाणारच आहे. तू गप्प राहा."

रात्रभर तिला तो मोह पडला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. गप्प राहायचं, आठवी भाषा शिकायची, दुसऱ्या गावी जायचं…

चौकशीच्या खोलीत इस्पितळाच्या मोठ्या बाई होत्या, लिहून घेणारा कारकून होता, आणि खिडकीपाशी शिंपीकाकांची मुलगी. त्यानं चूक अंगावर घ्यायच्या आत तीच उभी राहिली.

"चूक मला माहीत होती. मी मुद्दाम ठेवली."

"का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

ते वाक्य तिनं किती वेळा मनात जुळवलं होतं! छत्रीखाली, जिन्यात, चहा निवेपर्यंत… आणि म्हणायची वेळ आली ती ही.

"काम संपलं असतं तर हे गेले असते. माझं यांच्यावर प्रेम आहे."

"पुन्हा सांगा," कारकून म्हणाला. "लिहायचं राहिलं."

तिनं पुन्हा सांगितलं.

"आणि तुम्हाला कळलं होतं, तरी तुम्ही गप्प का?" बाई त्याच्याकडे वळल्या.

"माझंही तेच," तो म्हणाला. "मलाही ती जायला नको होती."

दोन महिने ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि तिच्यानं त्याच्याकडे बघवेना.

काकांची मुलगी जागची हलली नव्हती. ती रडली नाही, ओरडली नाही. नीट समजून घ्यावं तसं तिनं विचारलं, "एवढ्यासाठी?"

"हो," ती म्हणाली. "एवढ्यासाठी."

कारकुनानं तेही लिहून घेतलं.