कधीच न भरणारा खड्डा

“झुवैना, हात मागे घे! पिऊ नकोस!” मुहन्ना ओरडला.

“पीत नाहीये रे दादा! हे बघ काय आलंय!”

त्याच्या धाकट्या बहिणीच्या ओंजळीत पांढरा फेस होता. साबणाचा!

डोंगराच्या पोटातून बोगद्याने येणारा फलज, म्हणजे गावाचा पाट, इथे पहिल्यांदा उजेडात येई. इथून फक्त पिण्याचं पाणी भरायचं. खाली मशीद, मग अंघोळीची जागा, मग धुणी, मग मयताला धुण्याची खोली आणि सगळ्यात शेवटी खजुरीच्या बागा. हा क्रम आजवर कुणी मोडला नव्हता.

आता गाव म्हणत होतं, तो मुहन्नाच्या बाबांनी मोडला. आई वारली त्या पहाटे ते इथे घागरी भरताना दिसले होते. बायको एवढी लाडकी, की तिला पिण्याच्या पाण्यातच धुतलं! म्हणून पाणी नासलं, म्हणून पोरं जुलाबांनी आडवी झाली, असं लोक बोलत. ईदच्या दिवशी त्यांच्या दारात कुणी फिरकलं नाही. आईबद्दल असं काहीबाही ऐकलं की मुहन्ना ताटावरून उठायचा. बाबा मात्र गप्पच.

“साबण!” खलफान म्हणाला. तो हलवायाचा मुलगा, मुहन्नाचा जिवलग दोस्त. “आपल्या वर तर नुसता डोंगर आहे. आता डोंगराला अंघोळ कोण घालतंय?”

“वर हमदानकाकांचं नवं पाहुणेघर आहे,” झुवैना म्हणाली. “सुट्टीत सगळ्या खोल्या भरल्यात.”

“त्यांचा शोषखड्डा आहे की,” खलफान म्हणाला.

“तेच तर!” मुहन्ना ताडकन उठला. “सगळ्यांकडे टाकी उपसायला गाडी येते. त्यांच्याकडे कधी पाहिलीस? काका काय सांगत फिरतात? ‘माझा खड्डा कधी भरतच नाही, अल्लाची कृपा!’”

तिघांनी वर डोंगराकडे पाहिलं.

“मग ती घाण जाते कुठे?” झुवैनाने हळूच विचारलं.

“रंग टाकून बघू,” मुहन्ना म्हणाला. “खलफान, केशर आणतोस?”

“केशर? बाबा मलाच कढईत ढवळतील! हलव्याचा तांबडा रंग आणतो.”

कळशीत रंग कालवताना मुहन्ना आणि झुवैनाचे हात कोपरापर्यंत लाल झाले. झुवैनाने कळशी टोपलीत ठेवली, वर खजूर पसरले आणि हात ओढणीखाली लपवून ती पाहुणेघरात शिरली.

“काका, खजूर आणलेत! पण आधी संडास कुठेय? फार घाईची लागलीय!”

“पळ, पळ! माझ्या नव्या फरशीवर नको!”

झुवैना टोपलीसकट आत पळाली आणि तिने सगळी कळशी संडासात ओतली.

इकडे खलफान फलजच्या कारभाऱ्यांना, म्हाताऱ्या सईदआजोबांना, हाताला धरून घेऊन आला. मागोमाग निम्मं गाव आलं. बाबाही येऊन मागे उभे राहिले.

पाणी स्वच्छच वाहत होतं.

“पोरांनो, माझी थट्टा करताय?” आजोबा कुरकुरले.

“थोडं थांबा ना, आजोबा!” मुहन्ना बोगद्याच्या तोंडाशी वाकला. रंग आलाच नाही तर? मग आईवरचा बोल कायमचा!

आणि बोगद्याच्या तोंडातून एक गुलाबी धागा आला. मग दुसरा. बघता बघता सगळं पाणी तांबडं झालं!

हमदानकाकांना बोलावलं गेलं. “खाली बोगदा आहे हे मला काय ठाऊक!” ते म्हणाले. “खणताना एक दगड धपकन खाली गेला खरा. मला वाटलं, बरं झालं, सांडपाणी लवकर मुरेल!”

“फलजच्या डोक्यावर बसलास आणि आम्हाला विचारलं नाहीस?” आजोबांनी काठी आपटली. “आत्ताच्या आत्ता पाहुणेघराचं पाणी बंद! खड्डा उपसायचा, बुजवायचा. बोगदा साफ होऊन पाणी तपासेपर्यंत टँकर तू आणायचा!” मग ते मुलांकडे वळले. “आम्ही म्हातारे नुसते बोलत बसलो. शोध तुम्ही लावलात. शाबास!”

मग त्यांनी बाबांना विचारलं, “त्या पहाटे घागरी कशाला रे भरल्यास?”

“तिला इथलं नितळ पाणी आवडायचं,” बाबा म्हणाले. “खालचं उन्हाने तापतं. इथून भरलं आणि खालच्या खोलीत नेऊन धुतलं.”

“मग सांगायचं नाही का, बाबा!”

“तिच्या शेवटच्या अंघोळीबद्दल चारचौघांत काय सांगू?”

कुणाची मान वर होईना.

संध्याकाळी घरी बाबांनी टँकरचं पाणी काढलं. आधी झुवैनाचे हात धुतले, मग मुहन्नाचे. पाणी आधी स्वतःच्या हातावर घेऊन बघत, मग ओतत. एकेक बोट, मग नखं, मग मनगट. घाई नाही. मुहन्नाला त्या पहाटे खोलीबाहेर थांबवलं होतं. आईला कसं धुतलं, ते त्याला आत्ता कळलं.

“रंग काही आज निघायचा नाही,” बाबा म्हणाले.

मुहन्नाने हात मागे घेतले नाहीत. “मग आणखी एकदा धुवा,” तो म्हणाला.