खिशातला फ्यूज

बसा रे, लाईट काय आपण उठबस केल्याने येणार नाही. मेणबत्ती तिकडे सरकवा. आणि तू, मीटरपाशी मोबाईलचा उजेड धरून काय शोधतोयस? हात मागे घे. लाईट गेलेली दिसते म्हणून तार मेली असं समजणारे फार शहाणे पाहिलेत मी. त्यातल्या एकाची गोष्ट सांगतो. त्यांनी स्वतःच मला सांगितली, माझ्या दुकानात, याच बाकावर बसून, डाव्या हातात चहाचा कप धरून. डाव्या का, ते कळेलच.

आपल्या टेलर मास्तरांची गोष्ट. खाली दुकान, वर राहायच्या खोल्या. धंदा जोरात चालला, तशी त्यांनी वरची एक खोली दुकानासाठी मोकळी केली. तिथे वाफेची मोठी इस्त्री बसवायची आणि गिऱ्हाइकाला कपडे घालून बघायला एसी लावायचा. म्हणजे बोर्डावर दोन नवी सर्किटं. मास्तरांचं म्हणणं, जुन्याच पॉइंटवरून तार ओढा की, कशाला पसारा. पण काम दिलं होतं टेस्टरला. टेस्टर म्हणजे वायरमन. कानामागे कायम टेस्टर खोचलेला, म्हणून हेच नाव पडलं. त्याने साफ सांगितलं, या बोर्डात जागा नाही, मेन स्विच एवढ्या लोडला पुरणार नाही. इस्त्रीला वेगळी जाड तार आणि वेगळा ब्रेकर, एसीला वेगळा, अर्थिंग नव्याने, आणि सगळ्यात आधी मेन बदलायचा. पटत नसेल तर दुसरा माणूस बघा. असा खडूस.

आता मेन बदलायचा म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. बोर्डाचा मेन बंद केला की त्याच्या पुढचं सगळं मरतं. पण मीटरकडून मेनपर्यंत येणारी तार जिवंतच राहते. ती मारायची तर खाली, जिन्याखालच्या मीटरजवळचा फ्यूज उपसावा लागतो. चिनी मातीचा पांढरा फ्यूज होता, एक कोपरा उडालेला. टेस्टरची रीत अशी, की फ्यूज काढला की शर्टाच्या खिशात टाकायचा आणि वरून बटण लावायचं. काम संपेपर्यंत कोणाच्या बापाला द्यायचा नाही. म्हणायचा, फ्यूज खिशात असला की माझा जीव माझ्याकडे.

त्या दिवशीही त्याने तेच केलं. वर गेला, टेस्टर लावून तार मेल्याची खात्री केली आणि स्टुलावर चढला. खाली मास्तरांची घालमेल सुरू. शाळेच्या गणवेशांचा गठ्ठा संध्याकाळी द्यायचा होता आणि खालची इस्त्री थंड पडलेली. दुकानाची लाईन फ्यूजच्या पुढे लगेच फुटत होती, वरच्या बोर्डाशी तिचा संबंध नव्हता. मास्तरांनी विचार केला, वर मेन तर बंदच आहे, त्याला काय होतंय! टेस्टरच्या खाली राहिलेल्या पिशवीतली पक्कड घेतली आणि फ्यूजच्या रिकाम्या जागी तारेचा एक तुकडा दाबून बसवला. इस्त्रीचा लाल दिवा लागला. थोड्या वेळाने वाफेचा आवाजही वर गेला असावा, कारण टेस्टरने हाक मारली.

"मास्तर, खाली काही चालू केलंत का?"

"नाही रे. बिनधास्त लाव हात."

आणि त्याने विश्वास ठेवला. फ्यूज खिशात होता, माणूस ओळखीचा होता, पुन्हा टेस्टर कशाला लावायचा?

वर स्टूल पडल्याचा आवाज झाला. मास्तरांनी आधी तारेचा तुकडा उपटला आणि मग ते वर धावले. टेस्टर गेला होता. पण पुढचं ऐका, माझा राग त्यावर आहे. फ्यूज मेलेल्याच्या खिशात सापडला असता, तर शेंबड्या पोरालाही कळलं असतं की खाली कोणीतरी उद्योग केला. म्हणून मास्तरांनी त्या खिशात हात घातला. घाईत बटण तुटलं. फ्यूज त्यांनी खाली नेऊन जागेवर बसवला. मग सुईदोरा घेऊन परत वर आले आणि खिशाला बटण लावून दिलं. मेलेल्या माणसाच्या अंगावरच्या शर्टाला! हात थरथरलासुद्धा नाही म्हणे.

लोक जमले तेव्हा मास्तर कपाळ बडवून घेत होते. मी बजावलं होतं, आधी फ्यूज काढ म्हणून, पण ऐकेल तर शपथ. लोकांनी माना डोलावल्या. जो माणूस दुसऱ्याच्या घरातला सैल स्क्रूही पिळून जायचा, त्याला मेल्यावर निष्काळजी ठरवून मोकळे झाले. त्याच्या बायकोने, म्हणजे वहिनीने, मात्र तो शर्ट हातात घेऊन उजेडात धरला. म्हणाली, "हे बटण मी लावलेलं नाही. मी फुलीत लावते. हे दोन सरळ रेघांत आहे." दुःखाने डोकं फिरलंय बिचारीचं, असं म्हणत तिला आत नेलं. पुढे मास्तरांनी तिच्या पोरांना फुकटात शर्ट शिवून दिले. एवढं मोठं मन! तिने त्या शर्टांची फरशी पुसायची फडकी केली.

बोर्ड तसाच उघडा राहिला. मेलेल्याच्या हातचं अर्धं काम कोणी घेईना. शेवटी टेस्टरचा धाकटा भाऊ, कारखान्यात वायरमनच तोही, आपणहून आला. दादाचं काम राहिलंय, पुरं करून देतो, म्हणाला. मास्तरांनी खोली उघडून दिली.

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. कारखान्यातून सुटून धाकटा आला तेव्हा अंधार पडला होता. त्याने फ्यूज काढला, खिशात टाकला, बटण लावलं. मास्तर ते बटण बघत राहिले. नवा ब्रेकर बसवताना त्याच्या स्क्रूचा आटा गेलेला निघाला. मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका, असं बजावून धाकटा दुसरा ब्रेकर घ्यायला माझ्या दुकानात आला. नऊ वाजून गेले होते, शटर अर्धं ओढलं होतं मी. तो काउंटरला टेकून उभा होता आणि पातळ शर्टातून पांढरा फ्यूज मला स्पष्ट दिसत होता, उडालेल्या कोपऱ्यासकट. हे लक्षात ठेवा.

मास्तर घरात एकटे. बायको माहेरी. कापड कापायच्या टेबलावर बॅटरी उभी करून बसले होते.

वर स्क्रू पिळल्याचा आवाज आला.

उंदीर असेल, ते म्हणाले. मोठ्याने म्हणाले.

पुन्हा आला. सावकाश. घट्ट करत नेलेला.

मग समोरच्या इस्त्रीचा लाल दिवा लागला.

धाकटा आला असेल, फ्यूज बसवला असेल... मास्तर बॅटरी घेऊन जिन्याखाली गेले. फ्यूजची जागा रिकामी. पितळेचे दोन जबडे नुसते उघडे. मागे इस्त्री फसफसत होती. त्यांनी येऊन प्लग उपटला. प्लग त्यांच्या हातात... आणि दिवा लागलेलाच.

वरून हाक आली. शांत. कामातल्या माणसाची.

"मास्तर, खाली काही चालू केलंत का?"

पळावं म्हटलं तर पाय उचलेना. आणि त्या माणसाने, खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा खरं सांगितलं.

"हो," म्हणाले. "चालू आहे... हात लावू नको."

वर काहीच नाही.



मग तोच आवाज. कानाशी.

"मी कशाला लावू? या वेळी फ्यूज तुमच्या खिशात आहे, मास्तर. बिनधास्त लावा हात."

खिसा जड झाला होता. पाय आता चालत होते, पण मास्तरांच्या सांगण्याने नव्हे. जिना... खोली... स्टूल सरळ उभं. बोर्डातून लोंबणारी उघडी तार. त्यांनी उजवा हात डाव्या हाताने धरून ठेवला. जीव खाऊन धरला. रडले. वहिनीच्या पाया पडतो म्हणाले, सगळ्यांना सांगतो म्हणाले...

उजवा हात निघालाच.

धाकट्याला मी स्कूटरवरून सोडायला गेलो होतो, म्हणून पुढचं माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. मास्तर तारेला चिकटलेले. धाकट्याने लाकडी स्टूल मारून त्यांना सोडवलं. श्वास होता. उजव्या हाताची बोटं मात्र आत वळली ती वळलीच. सुई सोडा, आता घासही धरता येत नाही. मी खाली धावलो. फ्यूजची जागा रिकामी होती. इस्त्री गार होती. धाकट्याने स्वतःचा खिसा चाचपला. बटण लावलेलं... आत काही नाही.

मास्तरांचा खिसा फुगलेला होता. बटण निघेना, इतकं घट्ट. शेवटी मी पक्कड घेतली आणि तोडलं. आत तोच फ्यूज, उडालेल्या कोपऱ्याचा.

मास्तर स्वतःचे शर्ट स्वतः शिवायचे. बाकी सगळी बटणं त्यांच्या पद्धतीने, दोन सरळ रेघांत. हे एक मी बॅटरीखाली नीट धरून पाहिलं. दोरा नव्हताच त्यात, फ्यूजला घालतात ती बारीक तार होती. वहिनी त्या रात्री पोरांना घेऊन परगावी बहिणीकडे होती.

बटण फुलीत लावलेलं होतं.